शेवंताला ब्लॉगवरून पुसलं त्याची गोष्ट

गोठा झाडून पाठ सरळ करतोय न करतोय, तोवर मागं म्हशीनं परत घाण केलेली असते. किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून मोकळा होतोय तोवर घरात दुसरा पडलेला असतो! मी शाळा चौथीपर्यंत केली, ती पण मास्तरांना दया आली म्हणून. पण गेली काही वर्षं मी ब्लॉग लिहितो. बघितलेले पिच्चर, घरातली माणसं, आणि रोजचं जे काय डोक्यात जातं ते. फोनवर, एका बोटानं. लोक वाचतात. का वाचतात ते त्यांना विचारा.

हा ब्लॉग मधी बंदच पडणार होता. सरकारनं नाही, आमच्या बायकोनं नोटीस दिली होती. "ब्लॉग ठेवा, न्हायतर मला ठेवा!" त्याचा निकाल काय लागला ते सांगतोच. पण आधी ब्लॉग कुठवर गेला होता ते ऐका, म्हणजे काय बुडायला निघालं होतं ते कळेल.

*

सुरुवात सुनेनं केली. मनीषा बारामतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आम्ही राहतो काटेवाडीच्या अलीकडं, मळ्यात. बारामतीत कुठला पिच्चर लागला की मी आणि बायको जाऊन बघून येणार, आणि रात्री जेवताना मी त्याची चिरफाड करणार, हे ठरलेलं. एक दिवस मनीषानं ताट बाजूला सारलं.

"आबा, हे सगळं तुम्ही लिहून का काढत नाही? डोकं हलकं होतं."

"माझं डोकं हलकंच हाय."

"आमचं, आबा. आमचं!"

त्याच जेवणात ब्लॉग निघाला. नाव तिनंच ठेवलं, 'आबा काय म्हणतात'.

पहिल्या पिच्चरबद्दल मी लिहिलं ते असं: 'हिरो शेतकरी आहे. पांढरा शर्ट घालून ऊस तोडतो. पाचटाचा एक ओरखडा नाही अंगावर. हिरॉईन नुकतं पाणी दिलेल्या बांधावर नाचते, तरी तिचा पाय घसरत नाही. इंटरव्हलला उठून घरी आलो.'

खाली एकानं विचारलं, 'आबा, पुढे काय झालं?'

मी लिहिलं, 'पुढं मी जेवलो.'

*

पुण्याचा एक शिकलेला वाचक होता. दर वेळी टपकायचा. 'काका, तुम्ही कथा सांगता, पण कॅमेऱ्याच्या अँगलबद्दल अवाक्षर लिहीत नाही.'

एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'माझ्या पुढच्या खुर्चीत एमआयडीसीतला एक धिप्पाड गडी बसला होता. माझा अँगल म्हणजे त्याचा उजवा कान. अर्धा हिरो कानाच्या अलीकडं दिसला, अर्धा पलीकडं. एवढाच कॅमेरा माझ्या वाट्याला आला.'

त्यानंतर त्यानं अँगल विचारायचं सोडलं, आणि मला काकाचा आबा केला.

*

खरी गंमत बारशाची. चुलतभावाच्या नातवाचं बारसं झालं, ते मी लिहिलं. जेवण चांगलं होतं, माईकवाला वाईट होता, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात उभा. नाना आमच्याच भावकीतला. दूध संस्थेचा माजी संचालक, आणि ते कुणी विसरू नये एवढं एकच काम आता त्याला उरलंय.

"बारशाचं छापलंस. माझं नाव कुठं हाय त्यात?"

"नाना, ती काय लग्नाची पत्रिका न्हाय. ब्लॉग हाय."

"पत्रिका न्हाय, तर मग माईकवाला कसा आला त्यात? त्यो काय आपल्या भावकीतला हाय?"

मी फोन काढला. नाव घातलं. तर संध्याकाळपर्यंत आणखी चौघं आले! एकाला नावाआधी 'श्री.' पाहिजे, दुसऱ्याला आपलं नाव नानाच्या वर पाहिजे, तिसरा म्हणतो, म्हातारीचं पण घाला. माझं टाळकं सरकलं. पुढच्या पिच्चरबद्दल लिहिलं त्याच्या खाली सगळी भावकी ओळीनं घातली, वयाप्रमाणं, हुद्द्यासकट. मारामारीचा पिच्चर, आणि खाली नावांची ही रांग!

मनीषानं वाचलं आणि म्हणाली, "आबा, आता तळाला एवढंच घालायचं राहिलंय. 'आमच्या आबांच्या ब्लॉगला यायचं हं!'"

हसू नका. पुढं दोनच दिवसांत भिगवणवरून एका पाहुण्याचा फोन आला. "आबा, पत्रिका मोबाईलवर पोचली बरं का. मुहूर्त सकाळचा हाय का गोरज, तेवढं सांगा!"

*

माझा पोरगा सुभाष एमआयडीसीत सुपरवायझर आहे. ब्लॉगवर त्याचा पहिल्यापासून राग.

"आबा, घरातलं बाहेर लिहायचं नाही."

"मग तू बाहेरचं घरात आणायचं न्हाय. रोज येऊन साहेबानं दिलेल्या शिव्या आम्हाला ऐकवतोस. आमी काय कामाला हाय का तितं?"

हे आमचं बोलणं मी जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं. सुभाषनं डोक्याला हात लावला. "आता नोकरी गेली!" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोंड बारीक करून मोटारसायकलवर बसून गेला.

दुपारी पोस्टखाली साहेबाचीच कॉमेंट! 'नमस्कार आबा. मी शिव्या देत नाही. ओरडतो. कृपया दुरुस्ती करावी.'

मी दुरुस्ती केली. सुभाष म्हणतो, तेव्हापासून साहेब ओरडायच्या आधी एकदा त्याच्याकडं बघतो.

*

आता शेवंताचं. शेवंता म्हणजे बायको. ती सातवी पास आहे आणि मी चौथी, हा फरक तिनं मला अजून विसरू दिलेला नाही. तिचं माहेर इंदापूरचं. लग्न नवं होतं तेव्हा तिकडच्या एका जत्रेत आम्ही तंबूतला पिच्चर बघायला गेलो. तंबूत मधोमध दोरी. अलीकडं बाया, पलीकडं गडी. एक जण दोरीखालून पाय पसरून बसला, थेट बायांच्यात. शेवंतानं त्याला दोनदा सांगितलं. मग सांगणं बंद केलं, पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नडगीवर हाणली!

तो निघाला तंबूमालकाचा मेव्हणा. बोंबाबोंब झाली, मशीन थांबलं, दिवे लागले. मालक पुढं आला. "बाई, माफी मागा. मगच पिच्चर सुरू हुईल."

शेवंता उभी राहिली. "माफी ह्यो मागंल! आन ह्याच्या पायांपायी माझा जेवढा पिच्चर बुडला, तेवढा पयल्यापास्नं दावा!"

बायांनी कालवा केला. पिच्चर परत बघायला मिळतोय म्हटल्यावर गड्यांनी पण केला. मेव्हण्यानं हात जोडले, आणि रीळ पहिल्यापासून परत लागलं. सगळ्या तंबूनं अर्धा पिच्चर दोनदा बघितला, एकाच तिकिटात!

ही पोस्ट जी गाजली, ती गाजली. ह्या फोनवरून त्या फोनवर. शेवंताला पत्ता नव्हता, कारण ती ब्लॉग वाचायचीच नाही. "घरात दिवसभर तोंडी ऐकती, वाचायचं कशाला?" असं म्हणायची.

*

शेवंता बायांच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. तिच्या मीटिंगला कुणी उशिरा आलं की त्याची धडगत नसते. एक दिवस एक नवी सून उशिरा आली. शेवंता तिला झापायला उठली, तर ती पोरगी म्हणते, "काकू, जरा दमानं. चपला बाहेर काढून आलाय न्हवं?"

सगळा गट फुटला हसून. शेवंता तशीच घरी आली.

"मी बोलली की बाया चिडीचूप बसायच्या. आज माझ्या पायाकडं बघून दात काढत हुत्या! तुमी काय काय लिवलंय माझं?"

"चांगलंच लिवलंय. माणसं कौतुक करत्यात."

"माझं नाव आलंय तितं तितं पुसून टाका. ब्लॉग ठेवा, न्हायतर मला ठेवा!"

मी म्हणालो, "उद्या बघू." तीच चूक झाली. सकाळी तिनं पिशवी भरली, एसटीत बसली आणि इंदापूरला भाच्याकडं निघून गेली. सुभाष मला म्हणाला, "मी सांगत होतो की नाही?" त्याला आयतंच सापडलं.

मग मी पुसायला बसलो. एका बोटानंच. तंबूची पोस्ट गेली. पिच्चरबद्दलच्या पोस्टी काढून बघितल्या, तर प्रत्येकीत 'शेवंता म्हणाली', 'शेवंता म्हणाली'. थिएटरात शेजारी बसून ती जे बोलते तेच मी लिहीत आलो होतो! त्या सगळ्या गेल्या. घरचं म्हणजे तर तीच. ते पण गेलं. एवढी वर्षं लिहिलेलं, पण पुसलं. शेवटी भावकीच्या नावांची पोस्ट राहिली, आणि एक लाईट गेल्याची.

मनीषानं बघितलं. "आबा, हा ब्लॉग आता नानांचा झाला!"

*

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरची एसटी पकडली. वाटेत विचार करत होतो, आपण केवढं केलंय हिच्यासाठी. आता ही काय बोलणार?

भाच्याच्या घरी पोचलो तर अंगणात ह्या एवढ्या बाया! बसायला जागा नाही. मधी शेवंता, आणि तिच्या शेजारी भाच्याची बायको रूपाली फोन घेऊन. शेवंताचं तोंड लालबुंद. मी दारातूनच मोठ्यानं सांगितलं, "पुसलं! सगळं पुसलं. चल घरी."

रूपालीनं हातातला फोन खाली केला.

"तुमी पुसलं?"

"व्हय. तुझं नाव म्हणून कुठं ठेवलं न्हाय."

"अवं, काय केलंत हे!" शेवंता उठलीच. "हितं आल्यापास्नं मला कुणी कामाला हात लावू देईना. तंबूत चप्पल मारणारी ती हीच का, म्हणून पलीकडच्या आळीतनं बाया बघाय आल्या. मी म्हणलं, सगळं लिवल्यालं हाय, बसा, रूपाली वाचून दाखवंल. तिनं उघडलं तर काय? नानाची नावं! चारचौघींत मला खोटी पाडली तुमी!"

"आगं, तूच म्हणालीस पुसा म्हणून!"

"ते रागात म्हणलं! रागातलं माझं कधी ऐकलं हुतं का आजपातूर? ह्याच टायमाला बरं ऐकलं!"

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "शेवंते, मग ते खरं हाय का उगंच?"

झालं! शेवंतानं पदर खोचला आणि मला पायरी दाखवली. "बसा हितं. काढा फोन. मी सांगती, तुमी लिवा."

"तंबूचं लिवू?"

"ते मागनं. आदुगर तुमी मला बघायला आला हुता, तवाचं लिवा."

हे तर मी सुद्धा कधी लिहिलं नव्हतं. अंगणभर बाया, मी पायरीवर बसून एका बोटानं टिपतोय, आणि ती वर उभी राहून सांगतीय. आहे तसं देतो.

'हे मला बघायला आले. मोठ्या माणसांनी सैपाक येतो का इचारलं, शिवणटिपण इचारलं. एकानं चालून दाव म्हणलं. मी चालून दावलं. शेवटाला ह्यांला म्हणले, तुला काय इचारायचं हाय का? ह्यांनी खाली बघून इचारलं, पिच्चर बघती का. सगळी एकमेकांकडं बघाय लागली. माझा बा तर उठायलाच लागला. मी म्हणलं, तिकीट कोण काढणार?'

बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. म्हातारी पण. शेवंता म्हणाली, "टाका." मी पोस्ट टाकली.

पहिली कॉमेंट तिथंच, हातभर लांबून आली. रूपालीची. 'आत्याबाई, मग काढलं का त्यांनी?'

मी उत्तर द्यायला बोट उचललं. शेवंतानं फोन माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला, आणि त्या ब्लॉगवर पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अजून काढत्यात.'