दोन बोटं वर

एरंडेल तापल्याचा वास आला की मला कानडी मुलखातलं, मल्लेश्वरमचं आमचं भाड्याचं घर आठवतं. साठ साल उजाडायचं होतं, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. यजमान संशोधनाच्या नोकरीत होते. तेल तापलं की फुगतं, त्या फुगण्याच्या जोरावर यंत्र चालवायचं, हा त्यांचा ध्यास. साहेबांनी “हा पोरखेळ बंद करा” म्हणून सुनावलं, तेव्हा ते एरंडेलानं भरलेलं पितळी नळकांडं घरीच घेऊन आले. त्याच्या दट्ट्यावर फळी बसवून मला म्हणाले, “बस हिच्यावर.” मी बसले. त्यांनी नळकांड्यावर बंबातलं कढत पाणी ओतलं आणि फळी मला घेऊन हळूहळू वर चढू लागली. चांगली दोन बोटं! “अहो, मी उचलली गेले!” मी ओरडले. ते खळखळून हसले. तेवढ्यात शेजारच्या अक्का दारात येऊन “एनम्मा इदु?” म्हणाल्या, हे काय चाललंय म्हणून बघतच राहिल्या. मी लाजून खाली उतरले. “थांब गं, अजून चढेल,” ते म्हणाले. पण मी पदर सावरत आत पळाले. पुढे ते काम खरंच बंद पडलं आणि त्यांची उरलेली नोकरी फायलींत गेली. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. आता ते नाहीत. वाटतं, तेव्हा म्हणायला हवं होतं, “अक्का, या ना, बघा माझ्या नवऱ्यानं काय केलंय!”