भागवत सर विचार करत नव्हते

आपल्याला झोपेचा काहीही त्रास नाही, हे भागवत सर मला समजावून सांगत होते. सांगता सांगता त्यांची मान खाली गेली आणि "उलट" एवढा एकच शब्द उच्चारून ते घोरायला लागले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. मी तेव्हा चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळात छातीच्या विकारांची डॉक्टर होते. माहेर अमरावतीचं. शहरातल्या कुठल्याही मराठी माणसाला खोकला झाला की तो माझ्याकडे यायचा. भागवत सर विद्यापीठात विभागप्रमुख. त्यांना खोकला नव्हता. त्यांच्या पत्नीने, मालतीबाईंनी, त्यांना जवळजवळ दंडाला धरून आणलं होतं.

"बघितलंत? आता मोजा," मालतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ बांधलेलं मनगट वर केलं.

घोरणं एकदम थांबलं. सरांची छाती धडपडत होती, पण हवा आत जात नव्हती. बत्तिसाव्या सेकंदाला ते गचका देऊन जागे झाले आणि म्हणाले, "उलट माझी झोप फार गाढ आहे."

विद्यापीठात सरांचा दबदबा होता. मीटिंगमध्ये ते डोळे मिटून बसायचे. फार खोल विचार करतात, असा सगळ्यांचा समज. दोनचार तरुण लेक्चररही डोळे मिटून बसायला शिकले होते.

"किती वर्षं चाललंय हे?" मी विचारलं.

"सात," मालतीबाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगून झालं. सगळे म्हणतात, नवरा घोरतो, त्यात काय?"

"मग आजच का आणलंत?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

पंजाबात ती दहशतवादाची वर्षं होती. मोहालीच्या रस्त्यावर नाके असायचे. वाळूची पोती, आडवे ठेवलेले ड्रम, पोत्यांमागे बंदुका रोखलेले जवान. गाडी थांबवायची, काच खाली करायची. न थांबणाऱ्या गाडीवर आधी गोळी चालायची, चौकशी नंतर. गेल्या मंगळवारी भरदिवसा सर अशा नाक्याच्या दिशेने गाडी नेता नेता झोपले. जवान ओरडला. गाडी चालतच राहिली. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि मालतीबाईंनी हँडब्रेक ओढला. गाडी ड्रमला टेकून थांबली. नळी खिडकीतून आत आल्यावर सरांना जाग आली. "क्या चाहिए?" असं त्यांनी जवानाला विचारलं.

विद्यापीठात त्यांनी सांगितलं, ब्रेक फेल झाला. सहकारी घरी येऊन धीर देऊन गेले. मेकॅनिकने ब्रेक नवे टाकले. गाडी तपासून झाली. चालवणाऱ्याला तपासावं, असं एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नाही.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, श्वास सुरू होतो, माणूस पुन्हा झोपतो. हे रात्रभर चालतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. दिवसभर मात्र तो पेंगतो.

हे सिद्ध करायला आमच्याकडे झोपेची लॅब नव्हती. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं एक यंत्र होतं, ते आयसीयूत. मी आमच्या हेडसाहेबांकडे ते मागितलं.

"खर्राटे?" ते हसले. "यहाँ गोली खाए हुए लोग पड़े हैं, मॅडम, और आपको खर्राटे सुनने हैं?"

"साहब, मेरा पेशंट भी गोली खाकर ही आनेवाला था," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी दोन तासांसाठी यंत्र मिळालं. मालतीबाई डबा घेऊन आल्या. पुरणपोळी, वर तूप. "औषधापेक्षा हे लवकर चढतं," त्या म्हणाल्या. सर जेवले, बाजूच्या खोलीत आडवे झाले आणि तिसऱ्या मिनिटाला घोरू लागले. आवाज ऐकून कॉरिडॉरमधले हेडसाहेब डोकावले. ते काहीतरी टोमणा मारणार, तेवढ्यात घोरणं थांबलं.

यंत्रावरचा आकडा शहाण्णवला होता. तो उतरायला लागला. नव्वद. ऐंशी. सरांचे ओठ निळसर झाले. पंचेचाळीस सेकंद झाले तेव्हा हेडसाहेबांचा चेहरा बदलला.

"सिस्टर! ट्यूब लाओ! जल्दी!"

"थांबा हो साहेब," मालतीबाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या. "जेवल्यावर पंचावन्नपर्यंत जातं."

पंचावन्नाव्या सेकंदाला सरांनी मोठा गचका दिला आणि श्वास घेतला. आकडा बासष्टवर आला होता. हेडसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले. सात वर्षं ही बाई रोज अशी मोजत होती आणि आम्ही तिला सांगत होतो, त्यात काय.

उपाय दोन होते. एक, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास. दुसरा, झोपताना नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र. ते परदेशातून आणावं लागणार होतं. सर म्हणाले, "मी विचार करतो."

"तुम्ही नका करू विचार," मालतीबाई म्हणाल्या. "मास्क की भोक, तेवढं सांगा."

यंत्र यायला पाच महिने लागले. तोवर गाडी चालवायची नाही, असं मी लिहून दिलं. सर चिडले. मालतीबाईंनी चावी पर्समध्ये टाकली आणि एक्कावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या. विद्यापीठाच्या गेटवर लोक हसायचे. त्या काच खाली करून विचारायच्या, "बसता का? सोडते."

यंत्र आलं. व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज करायचं. सर झोपेत मास्क काढून फेकायचे, मालतीबाई पुन्हा लावायच्या. तीन आठवडे त्यांचीच झोप गेली. चौथ्या आठवड्यात सर रात्रभर झोपले आणि दिवसभर जागे राहिले.

विद्यापीठाला ते फार जड गेलं. जागे झालेले सर मीटिंगमध्ये ठराव वाचायला लागले. प्रश्न विचारायला लागले. त्यांचे एक सहकारी रक्तदाब दाखवायला आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर साहिबा, भागवतजी की दवाई थोड़ी कम नहीं हो सकती?"

पुढे आमच्या हेडसाहेबांनी ही केस कॉन्फरन्समध्ये मांडली. टाळ्या पडल्या. स्लाइडवर त्यांचं नाव होतं, खाली बारीक अक्षरात माझं. मालतीबाईंच्या वाट्याला एक ओळ आली: "माहिती देणारी व्यक्ती विश्वासार्ह वाटली."

तेव्हापासून घोरणारा पेशंट आला की मी त्याला फक्त नाव विचारते. बाकीचं त्याच्या बायकोला.