वैशाखातला पूर

आमच्या आत्याबाई भर वैशाखात पुरातून पळायच्या. आभाळात ढगाचा पत्ता नाही, नदीत म्हशीला बसण्यापुरतं पाणी नाही, आणि ही बाई ओसरीवर परात बडवत "निघा, पाणी आलं" म्हणून ओरडायची. मग आम्ही हातातलं काम टाकून, आपापल्या वाट्याची वस्तू उचलून, मागचा कोरडा ओढा ओलांडून म्हसोबाच्या माळावर जाऊन उभं राहायचं. चिंचवडच्या बाजारातून परतणारी माणसं गाड्या थांबवून आमची गंमत बघायची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात डोक्यावर पिठामिठाची पाटी घेऊन तिथं उभी राहिले तेव्हा मनात म्हटलं, बापानं कुठल्या येड्यांच्या घरात दिलं मला!

आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेल्या. सासरचा विषय त्या काढत नसत आणि दुसऱ्या कुणाला काढू देत नसत. घर पवनेच्या काठी, चांगलं उंचवट्यावर होतं. पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटायचं. आत्याबाई म्हणायच्या, "नदी पुढून येत न्हाई, मागून येती." खरंच होतं ते. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं चढायचं, आणि घर उंचावर राहूनही चारी बाजूंनी कोंडलं जायचं. म्हणून ओढ्याला उतार असेपर्यंतच निघायचं. सासूबाईंच्या वाट्याला देव, मामंजींच्या वाट्याला गाडी-बैल आणि धान्य, आमच्या ह्यांच्याकडे शेळ्या, माझ्याकडे पीठमीठ. आत्याबाई सगळ्यांच्या मागून, रिकाम्या हातानं. नियम एकच: ओढा ओलांडेस्तवर हातातलं सोडायचं नाही.

दुसरी खोड कड्यांची. पावसाळा तोंडावर आला की घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या त्या उपटून ठेवायच्या. नव्या नवरानवरीच्या खोलीचीसुद्धा! मी तर लाजेनं अर्धी झाले. ह्यांनी धीर करून कुरकुर केली, तर म्हणाल्या, "लाज वाटती तर दाराआड हंडा ठिवा. हंडा पायानं सरकतो, कडी न्हाई सरकत." पुढं चार महिने आमच्या दाराआड हंडा असायचा, आणि सकाळी तो सरकवल्याचा आवाज साऱ्या घराला ऐकू जायचा.

पिंपरीकडं नवी कंपनी उभी राहत होती, हे तिथं कामाला लागले होते, तेव्हाची गोष्ट. श्रावणात माझा पहिला मुलगा झाला. मला मधल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. बाजेखाली शेगडी, डोळ्यांत धूर. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सासूबाईंनी फटीत गोणपाट कोंबून दार बाहेरून सुंभानं बांधलं होतं. कडी नव्हती ना. आत्याबाई सकाळसंध्याकाळ ते सोडायच्या, आणि सासूबाई मायेनं पुन्हा बांधायच्या.

पाचवीच्या दिवशी दुपारी परात वाजली. ह्या खेपेला वैशाख नव्हता. हे कंपनीत अडकलेले. बाहेर सासूबाईंचा आवाज आला: पाचवी पुजल्याबगर पोर घराबाहेर काढायचं नाही, सटवाई नशीब लिहायला आली आणि पोर जागेवर सापडलं नाही तर? शिवाय मी सुवेरात, बाळंतपणाच्या विटाळात, देवांच्या गाडीत मला कसं बसवायचं? मामंजी म्हणाले, आजवर उंबऱ्याला पाणी लागलं नाही, आधी देव आणि धान्य पोचवतो, मग बघू. वाईट नव्हती हो माणसं. मनात सटवाईचं भय, दुसरं काय. बैलांच्या घुंगरांचा आवाज ओढ्याकडं गेला, लांब झाला आणि थांबला. मी दाराला धक्के दिले. गोणपाटामुळं हाकही बाहेर जाईना. बाजेखाली पाणी आलं आणि शेगडी चर्र करून विझली. पोराला छातीशी धरून मी बाजेवर उभी राहिले. कौलं हाताला लागेनात. इतकी भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

मग सुंभावर विळा चालल्याचा आवाज आला. आत्याबाई गोठ्यात अडकलेली कालवड सोडायला गेल्या होत्या. परतल्या तर गाडी आमच्याविना गेलेली. सुंभ तोडून त्यांनी दार ढकललं. मी सासूबाईंचं म्हणणं पुटपुटले, सटवाईचं. आत्याबाई म्हणाल्या, "देवी हाय ती. तिला माळ काय लांब हाय? तिथं येऊन लिहील."

सुवेर, विटाळ, काही बघितलं नाही. पोराला पाटीत घालून पाटी डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. ओढ्यात पाणी छातीला लागलं. पायाखालची वाळू सरकत होती. मला दोनदा वाटलं, आता सुटले. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ मात्र पुढं कितीतरी दिवस होते.

माळावर चढल्यावर त्या मटकन खाली बसल्या आणि आयुष्यात एकदाच सासरचं बोलल्या. "माझं दार बी असंच भाईरून बांधल्यालं. ज्येनं त्येनं आपापली वस्तू नेली. मी आन् माझी लेक कुणाच्या वाट्याला नव्हतो. मला कौलातून काढलं. तिला न्हाई."

त्या संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीची भिंत बसली. सासूबाईंनी माळावर गाडीखालीच पाचवी पुजली, आणि पुजताना सारखे डोळे पुसत होत्या.

पुढच्या वैशाखात परात वाजली तेव्हा मी पाटी जावेकडं दिली. ती नुकतीच घरात आली होती. आत्याबाईंचा हात धरून सांगितलं, ह्या माझ्या वाट्याला. इतकी वर्षं सगळ्यांचे वाटे लावणाऱ्या ह्या बाईला कुणाच्याच वाट्याला घातलं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मी काय गाठोडं हाय?" म्हणून करवादल्या, पण हात काढून घेतला नाही. त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही दोघी हातात हात घालून माळावर जायचो.

त्या गेल्या त्याही उन्हाळ्यातच. गावचा मसणवटा माळाच्या पलीकडं. मयतामागं बायकांनी उंबऱ्याबाहेर जायची रीत नव्हती. तिरडी उचलली तशी मी पुढं झाले आणि घोंगडीवरून त्यांचा हात धरला. मामंजी म्हणाले, "सूनबाई, मागं फिर." कधी त्यांच्यासमोर तोंड न उघडणारी मी, म्हणाले, "त्या माझ्या वाट्याला आहेत." तिरडी पुढं निघाली. ओढा कोरडा होता. पलीकडच्या काठावर पोचले आणि तिथं हात सोडला.