साकवापलीकडची हळद

मी भित्री आहे. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. त्यामुळे ज्या आठवड्यात फोनवरून माथी भडकवणारा एक व्हिडिओ फिरला आणि आमच्या नाक्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली, त्या आठवड्यात माझं काय झालं असेल ते सांगायला नको. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण आमच्या वाडीतली माणसं पऱ्यापलीकडच्या मोहल्ल्याकडे बघेनाशी झाली, आणि तिकडची इकडे. पऱ्या म्हणजे मध्ये एवढासा ओढा आणि त्यावर ओलांडायला लाकडी साकव. दोन दिवस त्या साकवावरून एक माणूस गेलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी पलीकडे माझ्या मैत्रिणीच्या मुलीची हळद होती.

ही मैत्रीण मला मिरजोळ्याच्या कारखान्यात मिळाली. आम्ही तिथे कोळंबी सोलायचो. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर होतात, म्हणून हात चालता ठेवायला बायका गात. तिची सासूही तिथेच कामाला होती. म्हातारीला त्यांच्यातली हळदीची गाणी तोंडपाठ, आणि आमच्या श्रावणातल्या कहाण्यांचं तिला भारी वेड. कहाणी अर्ध्यावर असताना सुटी झाली तर ती गेटपाशी अडवून शेवट ऐकल्याशिवाय सोडत नसे. गाण्यांचे शब्द सुनेच्या डोक्यात टिकले नाहीत, माझ्या टिकले. म्हातारी गेली तेव्हा तिची सगळी गाणी एकट्या माझ्याकडे होती. नातीने म्हणूनच बजावलं होतं, "मावशी, माज्या हळदीला आजीची गाणी तूच म्हनायची. मोबाईलवरची नकोत."

म्हणजे मी गेले नाही तर पोरीला मुक्यानेच हळद लागणार होती.

माझ्या मुलीने चिपळूणहून फोन केला, "आई, उंबरा ओलांडू नकोस." नवरा मासेमारी बोटीवर तांडेल, पाच दिवस समुद्रात, फोन लागत नव्हता. शेजारीण भांडी घासता घासता म्हणाली, "तिकडं कोन जातं, कोन येतं, सगळं बघतायत हां." तिने ते सहज म्हटलेलं नव्हतं, एवढं कळण्याइतकी मी शहाणी आहे.

दुपारी मी आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या मते मोठी युक्ती केली. टिकली काढली, तिचा डाग साबणाने घासला, मंगळसूत्र पोलक्यात सरकवलं आणि लेकीची जुनी ओढणी डोक्यावरून गुंडाळली. कुणी लांबून पाहिलंच तर पलीकडचीच कुणीतरी वाटावी. मागच्या पाणंदीने निघाले. पायाखाली सुकं पान वाजलं तरी थबकत होते.

दार मैत्रिणीनेच उघडलं. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली हळदीची वाटी खाली पडली.

"काय झालं गो? बोटीला काय झालं?"

मला काही उमजेना. मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणंच तिला उत्तर वाटलं. तिने मला कवटाळून हंबरडा फोडला. आतून बायका धावल्या. नवरी पिवळ्या कपड्यांत येऊन भिंतीला टेकली. कुणीतरी "या अल्ला" म्हणत तिथेच बसलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरा दर्यावर असताना मी आपल्या हाताने कपाळ पुसलं होतं. पाच दिवस जो विचार दारात उभा करून घेतला नव्हता, तो अंगावर घालून मी इथवर चालत आले होते. वाडी, मोहल्ला, पोलीस, सगळं विसरले. डोळ्यांपुढे फक्त बोट आली आणि मीही रडायला लागले. बोट दोन दिवसांनी सुखरूप लागली हे आत्ताच सांगून टाकते. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

"तसं काय नाय," मी कसंबसं म्हटलं. "भीतीनं काढली. रस्त्यात कोणी ओळखू नये म्हणून."

रडणं थांबलं. मैत्रीण खाली वाकली, सांडलेली हळद बोटावर घेतली आणि माझ्या कपाळावर दाबली, इतक्या जोरात की माझं डोकं मागे गेलं.

"भ्यालीस तर येव नको, मी रागावनार नाय," ती म्हणाली. "पन घोव दर्यावर असताना ह्या कपाळानं माज्या दारात परत आलीस तर तंगडी मोडीन."

मग मी गायले. खिडक्या लावून घेतल्या होत्या. ती गाणी नवरीच्या एकेका मावशीला, आत्याला नाव घेऊन चिडवायची, खणखणीत म्हणायची असतात. मी मात्र प्रत्येक कडव्याला दाराकडे बघत होते. माझा आवाज कापायला लागला की बाकीच्या बायका आपला मिसळत.

तिन्हीसांजेला निघाले तेव्हा मैत्रीण मला पोचवायला आली. तिने माझा हात धरला होता, आणि तिचा तळवा घामाने चिंब होता. मी भित्री आणि ती धीट, असं आमचं वर्षानुवर्षं ठरलेलं. तिलाही एकटीने परतायचा, भीतीचा एक रस्ता आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या दाराशी पोचल्यावर मी म्हटलं, "आता तू एकटी जाणार?" आणि तिला पोचवायला उलटी फिरले. तिच्या दाराशी ती पुन्हा माझ्याबरोबर निघाली. अशाने उजाडलं असतं. शेवटी साकवावर थांबून ठरवलं, दोघींनी आपापल्या वाटेने गात जायचं. आवाज येतोय तोवर सगळं ठीक.

कपाळावरची हळद तशीच ठेवून मी वाडीत शिरले, मोठ्याने गात. दारादारांतून माणसं बघत होती. पऱ्यापलीकडून तिचं गाणं येत होतं, शब्द सगळे चुकीचे. आणि एकाएकी ते थांबलं.

मी रस्त्यातच उभी राहिले. पोचली असेल, मी स्वतःला सांगितलं, पटलं नाही. पुढे जावं की मागे वळावं कळेना. गाणंही विसरले. तेवढ्यात फोन वाजला.

"तू गप का झालीस गो?" तिला धाप लागली होती. "मी घरात पाय ठेवला नि तुजा आवाज बंद. मी परत साकवावर आलंय."