साहेबांच्या लॉगिनमध्ये उघडतं

आमच्या बाबांना कॉम्प्युटर जमत नाही, असं ऑफिसातल्या सगळ्यांनी आठवड्याभरात ठरवून टाकलं. सगळ्यांत वाईट म्हणजे बाबांनीही ते मानलं. इतक्या वर्षांनी आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

बाबा मिलमध्ये हिंदी टायपिस्ट होते. आजोबा महूला पलटणीत, तिथून बाबा इंदूरला आले आणि मिलच्या ऑफिसात चिकटले. टाइपरायटरवर त्यांची बोटं अशी पळायची की बघत राहावं. मिल बंद पडली तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. मग बडा गणपतीजवळ एका दुकानात बसायला लागले, तर ते दुकानही उठलं. शेवटी मी जिथे अकाउंट्स बघायचे त्या सोयाबीनच्या कंपनीत, मालकांच्या मागे लागून लागून, त्यांना महिन्याच्या ट्रायलवर घ्यायला लावलं. सांवेरकडच्या व्यापाऱ्यांना हिंदीत पत्रं जायची, ती टाइप करायची. कीबोर्डची अक्षरं टाइपरायटरसारखीच बसवलेली, म्हणजे बाबांच्या हातचा मळ. मालक म्हणाले होते, "बिटिया, महीनाभर देख लेते हैं. नहीं जमा तो बुरा मत मानना."

सुरुवात झकास झाली. रोज घरी आले की आईला पत्रातली वाक्यं ऐकवायचे. आई म्हणायची, "आता मला पण सोयाबीन विकायला लावा!"

मग पुण्याहून नवे कॉम्प्युटर साहेब आले. तरुण, हुशार, कडक इस्त्रीचे. तोवर आम्ही सगळे एकाच लॉगिनमध्ये काम करायचो आणि जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळायचो. साहेबांनी लगाम घातला. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि आमच्यापैकी कोणालाही काही बदलायची परवानगी नाही. स्क्रीनवरची प्रोग्रामांची यादीसुद्धा काढून टाकली. उरला फक्त कामाचा फोल्डर. "फाइलवर दोनदा क्लिक करायचं, ती आपोआप बरोबर प्रोग्राममध्ये उघडेल. तसं सेट केलंय मी," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोनदा क्लिक केलं आणि पत्र उघडलं भलत्याच प्रोग्राममध्ये. चौकोन, प्रश्नचिन्हं, इंग्रजी अक्षरं, सगळी खिचडी. बाबा घाबरले. गडबडीत बंद करताना कॉम्प्युटरने सेव्ह करू का असं विचारलं, तर हो म्हणून बसले. ते पत्र कायमचं गेलं.

साहेब आले. "काका, जरा उठता का?" बाबांना लॉगआउट केलं, आपलं नाव घातलं, हाताआड पासवर्ड टाकला आणि दुसऱ्या पत्रावर क्लिक केलं. स्वच्छ हिंदी समोर आली. "हे बघा. उघडतंय की! तुम्ही काहीतरी वेगळं दाबताय."

"हो साहेब, माझंच चुकत असेल," बाबा म्हणाले.

मग रोज हेच. साहेब यायचे, आपल्या नावाने उघडून दाखवायचे आणि जायचे. बाबा परत आपल्या नावाने बसले की खिचडी. बाबा कधी हळू क्लिक करायचे, कधी जोरात, कधी श्वास रोखून. घरी जेवताना ताटाशेजारी बोटाने टकटक करायचे आणि मला विचारायचे, "बघ गं, असंच दाबतात ना?"

"बाबा, जेवा ना गपचूप!" मी खेकसले. काय करू, भीती वाटत होती मला. मिल गेली, दुकान गेलं, आता हेही गेलं तर हा माणूस परत उभा राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ट्रायल संपायच्या आदल्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बिटिया, साहब बोल रहे हैं बाबूजी से नहीं होगा. कल से... तू ही समझा देना घर पे." मी मान हलवली आणि बाहेर आले. बाबा पाणी प्यायला गेले होते. त्यांना काय सांगू, आणि कसं!

माझ्या जागेवर बसून उगाच मी तो पत्रांचा फोल्डर उघडला. माझं त्यात कधी काही काम नसायचं. एका पत्रावर दोनदा क्लिक केलं.

खिचडी!

अरे, माझी बोटं तर म्हातारी नव्हती! मी परत केलं. परत तेच. आणि मग डोक्यात उजेड पडला. साहेबांनी सेटिंग केलं ते स्वतःच्या नावाखाली, तपासलं तेही स्वतःच्या नावाखाली. ते फक्त त्यांनाच लागू होतं. आमच्या नावाने त्यांनी एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, बाबांच्या लॉगिनमध्ये उघडून दाखवा."

"मॅडम, मी रोज चेक करतोय."

"तुमच्या लॉगिनमध्ये! आता बाबांच्या नावाने बसा, आणि क्लिक तुम्हीच करा."

माझा आवाज इतका चढला की मालक केबिनबाहेर आले. बाबा दारात उभे राहून मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते. मनात आलं, आता बाबांबरोबर माझीही नोकरी जाणार. पण तोंड सुटलं ते सुटलं.

साहेब हसत बाबांच्या खुर्चीत बसले. बाबांनी उभ्या-उभ्या पासवर्ड टाकला. साहेबांनी क्लिक केलं. खिचडी. दुसरी फाइल, खिचडी. तिसरी, तीच गत. त्यांचे कान लाल झाले. "हे माझ्याच प्रोफाइलला लागलंय वाटतं," असं पुटपुटले आणि भराभरा काहीतरी बदलत बसले. मग उठले. "काका, आता करा."

बाबांनी हात पाठीमागे नेले. मला म्हणाले, "तू कर ना."

"मी नाही करणार! तुम्हीच करा!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

बाबा बसले. दोनदा क्लिक केलं. पत्र उघडलं, अक्षर न् अक्षर जागच्या जागी. मालक म्हणाले, "चलो, निपट गया. बाबूजी, आप तो पक्के." मला रडू फुटायचंच बाकी होतं. साहेब आता एक शब्द तरी बोलतील, चुकलं म्हणतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी साहेबांना हात जोडले. "साहेब, थँक्यू. तुमच्यामुळे झालं."

"असू द्या, काका," साहेब म्हणाले, "शिकाल हळूहळू."