निरवांगीची गोधडी बारामतीच्या प्रदर्शनात

जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझ्या पत्नीने, सुमनने, बारामतीच्या गोधडी प्रदर्शनासाठी अर्ज भरून ठेवला होता. संयोजक विचारत होते, गोधडी कधी आणताय? सुमन जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. गेल्या वर्षी परीक्षक तिच्या गोधडीपुढे उभे राहिले आणि काही न बोलता पुढे गेले. या वेळी तरी काय चांगलं, काय वाईट ते कुणी सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून निघालो.

गोधडी निरवांगीला, तिची धाकटी बहीण शालन हिच्याकडे होती. दिवसकार्य झाल्यावर मीच ती देऊन टाकली होती. स्वारगेटहून सकाळची एसटी धरली की बारामती साधारण तीन तासांत येते. पुढे निरवांगीला गाड्या कमी आहेत, वेळ आधी विचारून घ्यावी. मला स्टँडवर दीड तास बसावं लागलं. मिसळ तिखट होती, पण ताजी. रस्ता बरा आहे. उसाची ट्रॉली पुढे आली की मात्र गाडी रांगते.

शालनने ओसरीवर गोधडी पसरली. विटलेल्या साड्या आणि माझे जुने सदरे यांच्या तुकड्यांतून सुमनने नीरा नदी आणि काठची शेतं केली होती. गोधडी कडेपासून आत शिवत नेतात. मधला वीतभर भाग तिच्याकडून राहिला होता. तो आता भरलेला दिसला.

"हे कुणी केलं?"

"मीच की, दाजी. अर्धी गोधडी तशीच ठिवत्यात व्हय? मधी भाकरीचा घास घातला आन् शिवून टाकली. उपाशी न्हाय ठिवायची."

शिवण एकाच हाताची हवी, असा प्रदर्शनाचा नियम होता. मी गोधडीची घडी घातली. मुक्काम तिथंच केला. जेवायला हुलग्याचं माडगं होतं.

दुसऱ्या दिवशी शालनही आली. प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं, स्टँडपासून चालत दहा मिनिटं, प्रवेश मोफत. सकाळीच जा, दुपारी पत्रा तापतो. परीक्षक बाई आधी लांबून चित्र बघत, मग कडा आणि कोपरे, आणि शेवटी गोधडी उलटी करून बोटं फिरवत. आमच्या गोधडीच्या मधोमध त्यांचं बोट थांबलं.

"इथं हात बदललाय."

"माझा हाय त्यो," शालन म्हणाली. "का वो, वाईट हाय का?"

"वाईट नाही, पण नियमात बसत नाही. मधलं उसवलंत तर अपूर्ण म्हणून गुण देता येतील. नाहीतर नुसती मांडून ठेवू."

शालनने टेबलावरची कात्री माझ्यापुढे धरली. "उसवा, दाजी. आक्काचं नाव हाय. माझं काय, म्या लई शिवल्यात."

"नको," मी म्हणालो. "आत घास आहे."

बाईंनी कागदावर रेघ मारली. मी म्हणालो, "गुण नकोत. पण कशी झालीय तेवढं सांगाल का? तिला ऐकायचं होतं."

त्या खुर्चीवर बसल्या आणि गोधडी मांडीवर घेतली. "रंग नीट निवडलेत. नदी जरा जड झालीय, निळा कमी चालला असता. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, अगदी सारखा. इथपर्यंत." बोट कडेपासून चार बोटांवर होतं. "इथून तो लांब होत गेलाय. सुई ओढवत नसणार. पण ओळ कुठं वाकडी नाही. आजारी होत्या का?"

"शेवटचे दोन महिने."

"हे त्याच्या बरंच आधीचं आहे."

"आमाला बी न्हाय बोलली," शालन म्हणाली आणि कात्री जागेवर ठेवली.

चारच्या गाडीने परतलो. तुम्ही गेलात तर गोधड्यांची उलटी बाजू दाखवायला सांगा, दाखवतात.

प्रदर्शन संपल्यावर शालनने गोधडी माझ्याच घरी पाठवली. पलंगावर मी ती उलटीच अंथरली आहे. सुमन रोज जेवण झालं की खिडकीपाशी शिवत बसायची आणि मी समोर पेपर वाचायचो. एकदा तिने सुई ओवून मागितली होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी म्हणालो, ओवून दिली आणि पेपर पुन्हा उचलला.