काढी नाख

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आर्किटेक्चर कोचिंग क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं. मी बाजारातल्या एका गल्लीचं चित्र काढत होते. सर मागून आले, कागदावर बोट ठेवून म्हणाले, "बेटा, आ झाड काढी नाख," आणि पुढच्या बाकाकडे गेले. मी मान हलवली आणि त्या झाडाशेजारी आणखी एक झाड काढलं. चांगलं डेरेदार.

परत आल्यावर सर बघतच राहिले. गुजरातीत काढी नाख म्हणजे काढून टाक. चित्र काढायला त्यांच्याकडे वेगळाच शब्द आहे, दोरवुं. मी सुरतेत जन्मले, गुजराती मला रिक्षावाल्याशी भांडण्याइतकी येते. पण हातात पेन्सिल असली की माझा कान मराठी होतो. डिंडोलीच्या मराठी शाळेत बाई 'झाड काढा, घर काढा' असंच सांगायच्या. आमच्याकडे दात काढतात, फोटो काढतात, भांडण काढतात, मोर्चा काढतात, आणि चित्रही काढतात. वर्गाला हे समजावण्यात अर्थ नव्हता. पुढे कितीतरी दिवस मी 'झाडवाली' होते.

मोर्चा हा शब्द मला चित्राच्या आधी आला असेल. पप्पा लूमवर काम करतात. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यातून आल्यावर ते जेवतात, झोपतात, आणि उरलेल्या वेळात कामगारांची पत्रकं लिहितात. आमच्या कपाटावर गोष्टीची पुस्तकं कधी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. 'आमच्या मागण्या' ही मी वाचलेली पहिली ओळ. त्या मागण्यांत एक नेहमी असायची की खात्याला खिडक्या पाडा, आत हवा येऊ द्या. लहानपणी मला प्रश्न पडायचा की खिडक्या मुळात ठेवल्या का नाहीत. पप्पा म्हणाले, नकाशातच नव्हत्या. म्हणजे कोणीतरी बसून, पेन्सिल हातात घेऊन, त्या खिडक्या न काढता उठला होता. मला त्या माणसाच्या खुर्चीवर बसायचं होतं. आर्किटेक्चरला जायचं माझं कारण एवढंच, आणि ते मला अजूनही पुरेसं वाटतं.

मला हवी होती ती युनिव्हर्सिटी मुलाखतीला पोर्टफोलिओ मागते. आपण काढलेल्या चित्रांची, नकाशांची एक फाइल. ती बघून तीन परीक्षक ठरवतात, पोरगी घ्यायची की नाही. क्लासमधल्या सगळ्यांच्या फाइली सारख्याच होत्या. एक किल्ला, एक जुनी हवेली, तापीवरचा पूल आणि मागे सूर्य, टेबलावरची फळं, आणि शेवटी भविष्यातलं शहर, ज्यात माणसं कमी आणि काच जास्त. मीही ते सगळं काढलं. वर एक पान माझ्या मनाचं काढलं. आमच्या खोलीचा प्लॅन. प्लॅन म्हणजे छत उचलून वरून पाहिलं तर घर जसं दिसेल तसा नकाशा.

आमची खोली समजायची तर आईचं काम समजायला हवं. आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. पसरलेली साडी आमच्या खोलीहून लांब होते. त्यात आमचं दार आत उघडायचं आणि थेट साडीवर यायचं. आई एक दिवस वैतागून म्हणाली की एक तर दार राहील नाही तर मी. पप्पांनी बिजागऱ्या सोडवल्या आणि दाराची फळी विटांवर आडवी टाकली. तेव्हापासून तेच आईचं टेबल. साडीचं एक टोक टेबलावर असतं आणि दुसरं टोक रिकाम्या चौकटीतून बाहेर गॅलरीत जातं. शेजारणी पदर आवरून कडेने जातात, कोणी ओलांडत नाही.

नकाशात दार दाखवायची एक खूण असते, एक सरळ रेघ आणि ती फिरेल तेवढा कमानीसारखा वळसा. मी चौकटीत काहीच दाखवलं नाही. फळी खोलीच्या मधोमध विटांवर काढली, त्याखाली 'दार' असं लिहिलं, आणि साडी मापात गॅलरीपर्यंत नेली.

सर वाईट माणूस नाहीत. माझ्यासारख्या कितीतरी पोरांना त्यांनी कॉलेजं दाखवली आहेत. त्यांनी ते पान नीट पाहिलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. परीक्षक दिवसभर फाइली बघतात, त्यांना चौकटीत दार दिसलं नाही की ते म्हणणार पोरीला साधा प्लॅन येत नाही. शिवाय हे बघून वाटतं की तू काहीतरी मागायला आली आहेस. शेवटी म्हणाले, "आ पोर्टफोलियो छे, बेटा, चोपानियुं नथी. आ पानुं काढी नाख."

चोपानियुं म्हणजे पत्रक. ते हिणवण्यासाठी म्हणाले नसतील, पण मला ते लागलं. मी 'हो सर' म्हणाले, घरी गेले, आणि तेच पान दुप्पट आकाराच्या कागदावर काढलं. या वेळी मला सगळं व्यवस्थित ऐकू आलं होतं. मी ते मुद्दाम मराठीत ऐकलं.

अडलं ते घरातच. मोठा कागद पाहून आई आधी खूश झाली, टेबल ओळखलं, कोपऱ्यातलं पिंप ओळखलं. मग हे परक्या लोकांना दाखवायचं आहे हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला.

"आपलं घर लोकेस्ले काबर दाखाडी ऱ्हायनी तू?" ती आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली. काबर म्हणजे कशाला.

मी तावातावाने बोलायला लागले. यात लाज कसली, लाज त्यांना वाटायला हवी, वगैरे. पत्रकातली वाक्यं मला पाठ असतात. पप्पांनी मध्येच थांबवलं. ते म्हणाले, पत्रकावर कोणाचं नाव टाकायचं तर त्याला आधी विचारावं लागतं, तू आईला विचारलंस का. मी विचारलं नव्हतं. सगळ्या जगाशी भांडायची तयारी ठेवून मी जिचं घर काढलं तिलाच विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. आई बराच वेळ टिकल्या चिकटवत राहिली. सीट मिळणार असेल तरच ना, असं तिने एकदा विचारलं. मी म्हणाले, मिळेल असं नाही, पण हे पान वगळून मिळाली तर ती मला नको आहे. आई म्हणाली, बापावर गेलीस. मग थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने तिची अट सांगितली.

"काढशी ते रातनं बी काढ. रातले आपला घरले दार ऱ्हास. लोकेस्ले समजाले जोयजे."

ते खरं होतं. रात्री साडी घडी होते, फळी उचलून चौकटीला आतून उभी लावतात, मागे विटा आणि पिंप. आम्ही काही उघड्यावर झोपत नाही. मी त्याच कागदावर दुसरा प्लॅन काढला. वर 'दिवस' लिहिलं आणि खाली 'रात्र'.

मुलाखतीला टेबलामागे तिघं होते. दोन पुरुष आणि एक मॅडम. किल्ला, हवेली, पूल भराभर उलटले गेले. ते पान आलं तसे हात थांबले. त्यांच्यातले वयस्कर सर वाकून मराठी अक्षरं वाचायला लागले. ते मूळचे नागपूरकडचे निघाले.

"दार कुठे काढलंय?" त्यांनी चौकटीवर पेन ठेवून मराठीत विचारलं.

"काढलंय सर, म्हणून काढलं नाही."

ते हसले आणि दुसऱ्या दोघांना इंग्रजीत समजावायला गेले, पण तो शब्द काही त्यांना इंग्रजीत नेता येईना. शेवटी मीच हिंदीत सगळं सांगितलं. साडी, बिजागऱ्या, विटा, रात्र. सरांनी पट्टी लावून फळी मोजली, मग चौकट मोजली, आणि म्हणाले की फळी चौकटीहून रुंद आहे, हे दार या चौकटीत बसणारच नाही, माप चुकलंय. मी सांगितलं की माप बरोबर आहे. साडीचा पन्हा मावावा म्हणून पप्पांनी फळीला एका बाजूने पट्टी जोडली आहे, म्हणून रात्री ती चौकटीत जात नाही, आतून टेकते. त्यांनी 'रात्र' परत एकदा मोजली.

तेवढ्यात मॅडम खुर्चीला टेकल्या. त्यांनी हिंदीत विचारलं, आवाज अजिबात न चढवता. गरिबी दाखवली की सीट मिळते असं तुला कोणी सांगितलं?

क्लासमध्ये शिकवलं होतं की परीक्षकांशी वाद घालायचा नाही, हसून 'थँक यू मॅम' म्हणायचं. मी हसले नाही.

मी म्हणाले, "मॅडम, माझ्या आधी जो मुलगा आला तो आमच्याच क्लासचा, त्याच्या फाइलमध्ये हवेली होती. माझ्याही फाइलमध्ये आहे, तुम्ही आत्ताच उलटली. श्रीमंती दाखवून सीट मागतोस का, असं तुम्ही त्याला विचारलंत? हवेली मोजली तर अभ्यास, आणि आमची खोली मोजली तर भीक, हे मला मान्य नाही. या कागदावर मी कुठेही गरीब असं लिहिलेलं नाही. मी फुटांत आकडे लिहिले आहेत. चुकीचे असतील तर दाखवा."

तिसरे परीक्षक पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. मॅडमनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, साडी गॅलरीत गेल्यावर शेजाऱ्यांना जायला किती जागा उरते. मी आकडा सांगितला. त्यांनी तो पेन्सिलीने माझ्याच कागदावर लिहिला, कारण तो लिहायचा मी खरंच विसरले होते.

बाहेर पडले तेव्हा सीट गेली अशी माझी खात्री झाली होती. तरी मला पश्चात्ताप झाला नाही, हे मी खरं सांगते. यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. बरंच खाली, पण होतं.

पेढे आणि फाइल घेऊन क्लासला गेले तर सर मनापासून खूश झाले. म्हणाले, ते पान दे, फ्रेम करून भिंतीला लावू, नव्या बॅचला दाखवायला. ज्यांनी ते फाइलमधून काढायला सांगितलं त्यांनाच ते आता काचेत हवं होतं. मी घरी विचारते म्हणाले आणि तिथूनच फोन लावला. आईने ऐकूनही घेतलं नाही. एका कामासाठी दाखवलं, ते काम झालं, आता रोज कोणी का बघायचं आमचं घर, असं तिचं म्हणणं. या वेळी मी वाद घातला नाही.

सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले की बेटा, आता तर ॲडमिशन झाली, आता कसली अडचण. मी म्हणाले, आईची परवानगी मुलाखतीपुरती होती, सर. त्यांना ते पटलं नाही. माझ्या हातातला पेढा त्यांनी घेतला, पण तो खाल्ला नाही, टेबलावर ठेवला. मी ते पान गुंडाळून घरी नेलं.